गोंधळ : देवीच्या अंगणांतील कथा

शाळेंत मधली सुट्टी संपल्याची घंटा होऊन गेली आणि गुरुजींना वर्गावर येण्यास थोडा विलंब झाला, म्हणजे मुलांचा जो कोलाहल माजतो त्यास पुण्यांतील प्रत्येक मनुष्य एकच शब्द वापरतो : गोंधळ. जमाखर्चाच्या वहींत रकमा इकडच्या तिकडे झाल्या कीं हिशेबाचा गोंधळ. लग्नघरीं वऱ्हाडाच्या मोटारी चुकल्या कीं व्याह्यांचा गोंधळ. हा शब्द व्यवहारांत इतका रुळला आहे कीं, त्याच्या मागें एक पूजाविधि उभा आहे हें बोलणाराच्या ध्यानांतहि येत नाहीं.

वास्तविक तो विधि अत्यंत शिस्तीचा आहे. कोणतें गाणें केव्हां म्हणावयाचें, कोणत्या देवतेस आधीं बोलवावयाचें, दिवटी केव्हां पेटवावयाची आणि केव्हां शांत करावयाची, हें सारें त्यांत ठरलेलें असतें. परंतु घराबाहेरून जाणाऱ्याच्या कानीं संबळाचा कडकडाट, झांजांचा नाद आणि मध्येंच उठणारा देवीचा जयघोष एवढेंच पडावें, आणि त्यानें त्यास गलबला म्हणावें, हें साहजिक आहे. गोंधळ या शब्दाचा व्यवहारांतील अर्थ हा असा अंगणाबाहेर उभ्या राहिलेल्या मनुष्याचा अर्थ दिसतो. अंगणाच्या आंत जाऊन बसणाऱ्यास मात्र तेथें कथा, गायन, वादन आणि नृत्य हीं चारहि अंगें एका सूत्रांत ओंवलेलीं आढळतात.

गोंधळ हा देवीच्या उपासनेंतील कुलाचार होय. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई यांपैकीं जी ज्या घराण्याची कुलस्वामिनी असेल, तिच्या नांवानें लग्नकार्य निर्विघ्न पार पडल्यावर, पुत्रजन्मानंतर अथवा नवस फेडतांना हा घालण्याची चाल आहे. ती एकाच जातींत नाहीं. मराठा, ब्राह्मण, कायस्थ आणि अनेक बलुतेदार घराण्यांत ती चालत आलेली आहे. कांहीं कुळांत व्यावसायिक गोंधळ्यांस न बोलवितां घरचींच माणसें काकडे पेटवून देवीपुढें नाचतात. त्यास काकड्या गोंधळ म्हणतात. गोंधळ्यांनीं येऊन वाद्यांसह घातलेला तो संबळ गोंधळ. बोलतांना लोक ‘जागरण-गोंधळ’ असा जोडशब्द वापरतात, परंतु हीं दोन कार्यें निराळीं आहेत. जागरण जेजुरीच्या खंडोबाचें, आणि तें वाघ्या-मुरळी करितात. गोंधळ देवीचा, आणि तो गोंधळी घालतात. एकाच घरीं दोन्ही कुळाचार असल्यामुळें तीं पुष्कळदां लागोपाठ होतात, इतकाच त्यांचा संबंध.

या विधीच्या उत्पत्तीविषयीं गोंधळी मंडळी एक कथा सांगतात. परशुरामानें एका दैत्याचा वध केला, त्याच्या शिराला त्याच्याच शिरा ताणून बसविल्या, आणि तें वाद्य छेडीत तो आपली माता रेणुका हिच्यापुढें नमनास उभा राहिला. तोच पहिला गोंधळ, आणि तेंच पहिलें तुणतुणें. कथा पौराणिक असली तरी तिच्यांत एक मर्म आहे. गोंधळी स्वतःस केवळ गवई समजत नाहीं. आईपुढें उभ्या राहिलेल्या मुलाची जागा आपली, असें तो मानतो.

इतिहासाच्या बाजूनें पाहिलें तर या नृत्याचा माग बराच मागें जातो. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानें बाराव्या शतकांत रचलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत, आणि त्यानंतरच्या शतकांत देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकर’ ग्रंथांत, गोंडली अथवा गौंडली नांवाच्या नृत्याचा निर्देश आहे. त्याचा आजच्या गोंधळाशीं संबंध असावा, असें संशोधकांनीं दाखविलें आहे. पुण्यांत राहून लोकदैवतांचा आजन्म अभ्यास केलेले डॉ. रामचंद्र चिंतामण ढेरे यांच्या ‘मराठी लोकसंस्कृतीचे उपासक’ या १९६४ सालच्या ग्रंथांत गोंधळी, वासुदेव, वाघ्या-मुरळी इत्यादि उपासकांचा परामर्श घेतलेला आहे. सोळाव्या शतकांत पैठणच्या एकनाथांनीं या सर्व भिक्षेकऱ्यांचे वेष आपल्या भारुडांत घेतले. त्यांत गोंधळहि आहे आणि जोगवाहि आहे. जो वेष प्रत्येक श्रोत्यास परिचित असेल तोच रूपकास उपयोगीं पडतो. यावरून त्या काळीं गोंधळ किती घरोघर पोंचलेला होता, याची कल्पना येते.

गोंधळ्यांत दोन मुख्य शाखा सांगतात : माहूरच्या रेणुकेचे ते रेणुराई आणि तुळजापूरच्या भवानीचे ते कदमराई. गळ्यांत कवड्यांची माळ ही गोंधळ्याची खूण होय. ती विधिपूर्वक घालावी लागते. जन्म गोंधळ्याच्या घरीं झाला एवढ्यानें गोंधळ घालण्याचा अधिकार प्राप्त होत नाहीं. अंगांत पायघोळ अंगरखा, डोक्यास पागोटें, कपाळीं कुंकवाचा मळवट आणि पायीं घुंगरूं असा त्याचा वेष असतो. पूर्वीं गांवें व घराणीं गोंधळ्यांत वांटलेलीं असत, आणि ‘आमच्या कुळाचा गोंधळी’ असें यजमानास म्हणतां येई. महाराष्ट्र शासनाच्या यादींत या समाजाची गणना भटक्या जमातींत होते. म्हणजे जो दुसऱ्याच्या घराचा कुळाचार राखतो, त्याचें स्वतःचें बिऱ्हाड मात्र पिढ्यान्‌पिढ्या पाठीवर होतें.

आतां वाद्यांकडे वळूं. गोंधळाचें मुख्य वाद्य संबळ. एक लहान व एक मोठें अशीं दोन तोंडें चामड्यानें मढवून एकमेकांस जोडलेलीं असतात. वादक हा जोड कमरेस बांधून उभ्यानें वाजवितो. त्यासाठीं दोन काठ्या लागतात, त्यांपैकीं एकीचें टोंक वांकविलेलें असतें. लहान तोंडांतून टणत्कार निघतो आणि मोठ्या तोंडांतून घुमारा. वादक उभा असल्यामुळें त्यास गाणाऱ्याबरोबर पावलें टाकतां येतात. तबला-पखवाजाप्रमाणें एका जागीं बसून राहावें लागत नाहीं. तुणतुणें हें एकतारी वाद्य. पोकळ नळकांड्याच्या बुडास चामडें, त्यांतून निघालेली तार बाजूच्या बांबूच्या खुंटीस ताणलेली, आणि ती बोटानें छेडावयाची. तें गाणाऱ्यास सुराचा आधार देतें आणि कथेच्या गद्य भागांतहि अखंड चालूं असतें, त्यामुळें बोलणें आणि गाणें यांमध्यें खंड पडत नाहीं. जोडीस झांज. चौथी वस्तु वाद्य नसूनहि तितकीच महत्त्वाची : दिवटी, म्हणजे तेलानें भिजविलेल्या चिंध्यांची मशाल. विजेचे दिवे नव्हते त्या काळीं कथा सांगणाऱ्याचा चेहरा श्रोत्यांस दिसे तो या दिवटीच्या उजेडांत. आणि तीच देवीचें तेज म्हणून पूजिली जाई. तींत तेल घालण्याचा मान घरच्या माणसांचा.

विधीचा आरंभ मांडणीनें होतो. पाट अथवा चौरंग ठेवून त्यावर नवें वस्त्र अथवा चोळीचा खण पसरतात. धान्याची रास घालून तिच्यावर कलश, विड्याचीं पानें, सुपारी व नारळ ठेवतात. जवळ देवीचा टाक अथवा तसबीर. भोंवतीं उसाचीं अथवा जोंधळ्याच्या ताटांची खोपटी उभारतात. ज्या घरीं नवें जोडपें आलें, त्याच्या सुबत्तेची ही खूण होय. यजमान दांपत्य पूजा करितें, दिवटी पेटते, आणि मग संबळावर पहिली थाप पडते.

प्रथम गणेशाचें नमन. त्यानंतर आवाहन. यांत नायक एकेका क्षेत्राचें नांव घेऊन तेथील दैवतास या घरच्या गोंधळास येण्याचें निमंत्रण देतो. तुळजापूर, माहूर, कोल्हापूर, जेजुरी, पंढरपूर अशीं मोठीं ठिकाणें झालीं कीं त्या त्या गांवच्या ग्रामदैवतांचीं नांवें येतात. पुण्यांत असल्यास तांबडी जोगेश्वरी आणि चतुःशृंगी यांस वगळून चालत नाहीं. या आवाहनाकडे काव्य म्हणून पाहणारास तें केवळ नामावळी वाटेल. परंतु ज्यांनीं जन्मांत गांवाची वेस ओलांडली नाहीं, अशा पिढ्यांच्या मनांत महाराष्ट्राचा नकाशा उमटला तो बव्हंशीं या नामावळीनें. कोणतें दैवत कोणत्या गांवचें, हें बायकामुलांस पुस्तकावांचून पाठ होत असे.

आवाहन, देवीचीं पदें व नृत्य झाल्यावर रात्रीचा मुख्य भाग येतो : आख्यान. हरिश्चंद्र, चिलया बाळ, रेणुकेची कथा, अथवा द्रौपदीच्या मनांत कर्णाविषयीं उमटलेली अभिलाषा सांगणारें जांभूळ आख्यान. हें शेवटचें नांव पुणें-मुंबईच्या नाट्यरसिकांस परिचित आहे, कारण शाहीर विठ्ठल उमप यांनीं तें रंगभूमीवर गाजविलें. ते २०१० सालीं निवर्तले. व्यासांच्या महाभारतांत ही कथा नाहीं. ती लोकांनीं रचिली आणि गोंधळ्यांनीं सांभाळली. पतिव्रतेच्या मनाच्या तळाशीं काय असूं शकेल, आणि तें सत्य बोलून दाखविण्यास केवढें धैर्य लागतें, हा प्रश्न पंडितांच्या सभेंत कोणीं विचारला नसता. तो लग्नघराच्या अंगणांत, नव्या सुनेच्या देखत, देवीला साक्षी ठेवून मांडला गेला, ही लक्षांत घेण्यासारखी गोष्ट आहे.

आख्यान सांगण्याची रीतहि पाहण्यासारखी आहे. नायक एकटा बोलत नाहीं. त्याच्या मागें झील धरणारा साथीदार असतो, आणि त्याचें काम सूर ओढण्यापुरतें नसतें. नायक म्हणाला कीं राजा वनांत गेला, तर हा विचारणार, पायीं गेला कीं घोड्यावर? नायक गंभीर झाला कीं हा थट्टा करणार. नायक वाहवत गेला कीं हा त्यास मूळ धाग्यावर आणणार. श्रोत्यांच्या मनांत येणारी शंका तो त्यांच्या वतीनें बोलून दाखवितो, आणि त्या उत्तरांत कथेचें निरूपण होऊन जातें. पुण्याच्या घरांस नारदीय कीर्तनाचा परिचय अधिक. तेथें बुवा एकटेच प्रश्न विचारतात आणि एकटेच उत्तर देतात. पूर्वरंगांत तत्त्व सांगून उत्तररंगांत कथा लावितात. गोंधळांत तत्त्व निराळें काढून ठेवलेलें नसतें. तें या दोघांच्या सवालजबाबांत विरघळलेलें असतें.

ही दोघांची जोडी महाराष्ट्रापुरती नाहीं. ओडिशांत दासकाठिया नांवाचा जो लोकप्रकार आहे, त्यांत मुख्य गायक आणि त्याचा साथी ‘पालिया’ असे दोघेच जण असतात. हातांतील लांकडी पट्ट्यांच्या तालावर ते पुराणांतील कथा गातात, नाचतात, आणि एकमेकांस प्रश्न विचारीत ती पुढें नेतात. तेथीलच ‘पाला’ या प्रकारांत मंडळी अधिक, आणि त्याचा संबंध सत्यपीराच्या पूजेशीं. तेथें संबळ नाहीं आणि भवानी नाहीं. परंतु पुस्तक न वाचतां महाभारत ऐकविण्याची युक्ति दोन्ही प्रांतांतील लोकांस एकच सुचली : एकानें सांगावें, दुसऱ्यानें अडवावें.

गोंधळ्यांची आणखी एक विद्या आहे, तिचें नांव करपल्लवी. एक गोंधळी श्रोत्यांत फिरतो. कोणी त्याच्या कानांत एक नांव सांगतो. तो तोंडानें कांहीं न बोलतां हातानें खुणा करितो, आणि दूर उभा असलेला त्याचा जोडीदार तें नांव मोठ्यानें उच्चारतो. पाहणारे चकित होतात. यांत मंत्र-तंत्र कांहीं नाहीं. यांत आहे ती आपली वर्णमाला. तिची एक रूढ रीत अशी : प्रत्येक वर्गास त्याच्याच आद्याक्षरानें आरंभ होणाऱ्या वस्तूची खूण नेमलेली असते. अहि म्हणजे सर्प, म्हणून हाताचा फणा केला कीं स्वर. कमळ केलें कीं क-वर्ग. चक्र फिरविलें कीं च-वर्ग. धनुष्याचा टंकार दाखविला कीं ट-वर्ग. तरु उभा केला कीं त-वर्ग. पवन म्हणजे वारा घातला कीं प-वर्ग. यौवनाची खूण म्हणून मिशीवर पीळ दिला कीं य-वर्ग. आणि शृंगाराची खूण केली कीं श-वर्ग. मग त्या वर्गांतील कितवें अक्षर, तें बोटांनीं दाखवावयाचें, काना-मात्रा चुटक्यांनीं. ‘कमल’ हें नांव घ्या. कमळाची खूण आणि एक बोट, झाला क. वारा घालून पांच बोटें, झाला म. मिशीवर पीळ देऊन तीन बोटें, झाला ल. ज्या मनुष्यानें शाळेचें तोंड पाहिलें नाहीं, त्याच्या हातांत पाणिनीच्या देशांतील वर्णव्यवस्था अशी खेळत होती. घरीं मुलांनीं हा खेळ करून पाहावा. व्याकरणाचा एक पाठ अनायासें होईल.

इतिहासाच्या अभ्यासकांवर गोंधळ्यांचें ऋण आणखी मोठें आहे. पोवाडा हा देवीपुढें गाइला जात असल्यामुळें गोंधळी तो पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत ठेवीत. १६५९ सालच्या अफझलखानाच्या वधावरील अज्ञानदासाचा पोवाडा, आणि १६७० सालीं तानाजी मालुसरे यांनीं सिंहगड घेतला त्यावरील तुळशीदासाचा पोवाडा, हे कागदावर येण्यापूर्वीं दीर्घकाळ गाणाऱ्यांच्या कंठांत होते. मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी ॲकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनीं असे पोवाडे गोळा करून १८९१ सालीं त्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. ॲकवर्थ यांनीं त्यांतील निवडक पोवाड्यांचें इंग्रजी भाषांतर १८९४ सालीं काढिलें. पुढें पुण्याचे यशवंत नरसिंह केळकर यांनीं १९२८ सालापासून ‘ऐतिहासिक पोवाडे’ छापण्यास आरंभ केला. छापखान्याचा हात पोंचला म्हणून पोवाडे वांचले. आख्यानांचें भाग्य तितकें थोर नाहीं. पोवाड्यास इतिहास म्हणून किंमत आली. आख्यान ही ‘बायकामुलांची गोष्ट’ ठरली, आणि पुष्कळशीं आख्यानें अजूनहि गाणाऱ्याच्या आठवणींतच आहेत.

येथें मुख्य प्रश्न उपस्थित होतो. गोंधळ बंद पडला आहे काय? मुळींच नाहीं. पुण्यांत लग्नसराईंत आजहि गोंधळ होतात, नवरात्रांत देवळांपुढें संबळ वाजतो, शाहीर साबळे यांच्या ‘महाराष्ट्राची लोकधारा’सारख्या कार्यक्रमांनीं लोककला रंगमंचावर नेल्या, चित्रपटांनीं गोंधळाचे ठेके घरोघर पोंचविले. वरवर पाहतां गोंधळ पूर्वींपेक्षां अधिक लोकांच्या कानीं पडतो. मात्र त्यांतून काय गळालें तें पाहिलें पाहिजे. वाडे गेले, सदनिका आल्या. अंगण नाहीं, शेजाऱ्यांची झोंप आहे, सकाळीं कचेरी आहे. मंगल कार्यालय ठराविक वेळेस रिकामें करून द्यावयाचें असतें. मग यजमान गोंधळ्यांस सांगतात कीं, तासाभरांत आटपा. पूजा टाळतां येत नाहीं, ती धर्म आहे. आरती टाळतां येत नाहीं, तिच्यावांचून समाप्ति नाहीं. संबळावरचें एखादें जोमदार पद राहतें, कारण तें पाहुण्यांस आवडतें. उरलें तें आख्यान, आणि कात्री नेमकी त्याच्यावर चालते.

याचा परिणाम एका रात्रीपुरता राहत नाहीं. तासाभराच्या गोंधळास तासाभराचीच बिदागी मिळते. तेवढ्यासाठीं चार-पांच घटकांचें आख्यान, त्यांतील पदें, चाली आणि साथीदाराचे सवालजबाब पाठ करण्यांत उमेदीचीं वर्षें घालविण्याचें गोंधळ्याच्या मुलास कारण उरत नाहीं. तो शाळा शिकतो, नोकरी धरतो. आणि तें योग्यच आहे. आपल्या कुळाचारासाठीं दुसऱ्याच्या मुलानें भटकें राहावें, असें म्हणण्याचा अधिकार कोणासहि नाहीं. परंतु जो मुलगा सुटीच्या दिवशीं बापाबरोबर गोंधळास जातो, त्याच्या कानींहि आख्यान पडत नाहीं, कारण तें कोठें होतच नाहीं. न गाइलेलें आख्यान विसरण्यास एक पिढी पुरते. रंगमंचामुळें या तोट्याची भरपाई होत नाहीं. तेथें पांच मिनिटांत नृत्य दाखवितां येतें, कथा सांगतां येत नाहीं. ध्वनिमुद्रणानें शब्द व सूर राहतात, तेवढें तरी व्हावयासच हवें. परंतु अमुक घरच्या आजीबाई पुढें बसल्या आहेत म्हणून साथीदारानें आयत्या वेळीं काढलेली कोटी त्या मुद्रणांत कोठून येणार?

यावर उपाय मोठ्या संस्थांनींच करावा असें नाहीं. कुळाचार ज्याच्या घरचा, त्याच्या हातांत बरेंच कांहीं आहे. कार्यालयांत उरकावयाचा गोंधळ लग्नानंतरच्या एखाद्या शनिवारीं घरीं अथवा सोसायटीच्या सभागृहांत ठेवतां येतो. ध्वनिवर्धक न लावल्यास शेजाऱ्यांची तक्रार राहत नाहीं. संबळास त्याची गरजहि नाहीं. रात्रभर बसणें शक्य नसेल तर सायंकाळीं आरंभ करून तीन तास द्यावे. गोंधळी ठरवितांना भाव विचारण्याच्या आधीं एक प्रश्न विचारावा : आपल्याला कोणतें आख्यान येतें? हा प्रश्न ऐकून एखाद्या म्हाताऱ्या नायकाची मुद्रा उजळेल, कारण तो विचारणारे आतां थोडे राहिले आहेत. आणि बिदागी आख्यानाच्या मानानें द्यावी. जी विद्या ऐकावयाची तिचा मोबदला कमी देऊन तिच्या ऱ्हासाबद्दल हळहळणें शोभत नाहीं.

गोंधळाच्या शेवटीं आरती होते, यजमान स्वतः दिवटी हातीं घेतो, आणि बोलाविलेल्या सर्व दैवतांस निरोप देऊन ती शांत करितात. त्या प्रकाशांत एका घरानें एक कथा एकत्र बसून ऐकलेली असते. ती कथा सांगणारा अजून आहे. त्यास अंगण हवें, तीन तास हवे, आणि पुढें बसणारीं दहा माणसें हवींत.